स्थाननिवेदन, हौशी रेडिओवरील

हौशी रेडिओ परवानाधारकाने आपले भौगोलिक स्थान, गती व दिशा, स्थानिक हवामानाची निरीक्षणे आणि लहान लेखी संदेश ठराविक रचनेच्या अंकीय पॅकेटांच्या रूपाने एका सामाईक कंप्रतेवर प्रक्षेपित करावयाचे व परिसरातील इतर सर्व केंद्रांनी ते ग्रहण करून नकाशावर मांडावयाचे, अशी ही पद्धत आहे. ‘ऑटोमॅटिक पॅकेट रिपोर्टिंग सिस्टिम’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती जगभर एपीआरएस या नावाने ओळखली जाते. प्रारंभी तिच्यासाठी रेडिओ संच, मोडेम, संगणक आणि जीपीएस ग्राही अशी चार वेगळी साधने तारांनी जोडावी लागत. स्मार्टफोन प्रचारात आल्यावर यांपैकी रेडिओ संचाखेरीज बाकीच्या तिन्ही साधनांचे काम एका ॲपच्या साहाय्याने खिशातील भ्रमणध्वनीवर होऊ लागले.

या सोयीमुळे पद्धतीचा प्रसार झाला, तशीच एक गैरसमजूतही निर्माण झाली. ॲपमधून निघालेले पॅकेट रेडिओमार्गे नकाशावर येऊ शकते, तसेच भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून इंटरनेटमार्गेही येऊ शकते. पडद्यावर दोन्हींचे चिन्ह सारखेच दिसते. परंतु भ्रमणध्वनीचे मनोरे बंद पडतात तेव्हा पहिला मार्ग चालू राहू शकतो व दुसरा तत्काळ खुंटतो. ॲपचा उपयोग करणाऱ्यास हा भेद नीट माहीत असणे आवश्यक असते.

इतिहास : माहितीचे लहान लहान तुकडे करून, प्रत्येकावर पत्ता घालून ते रेडिओद्वारे पाठविण्याची कल्पना हवाई विद्यापीठातील नॉर्मन एब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये प्रत्यक्षात आणली. त्यांच्या अलोहा जाळ्याने हवाई बेटांवरील उपकरणे विद्यापीठाच्या मध्यवर्ती संगणकाशी जोडली गेली. हौशी रेडिओ क्षेत्रात या तंत्राचा आरंभ १९७८ मध्ये कॅनडात झाला. तेथील शासनाने अंकीय पॅकेटांच्या प्रक्षेपणास परवानगी दिल्यावर माँट्रिऑल येथे पहिले प्रयोग झाले आणि व्हँकूव्हर येथील हौशी मंडळाने टर्मिनल नोड कंट्रोलर म्हणजे टीएनसी हे उपकरण विकसित केले. संगणकाकडून आलेल्या मजकुराचे पॅकेट बांधणे, ते श्राव्य ध्वनीत रूपांतरित करून रेडिओ संचास देणे आणि याच्या उलट क्रिया करणे, ही टीएनसीची कामे होत. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथे स्थापन झालेल्या हौशी पॅकेट रेडिओ संस्थेने १९८२ नंतर या उपकरणाचा मोठा प्रसार केला. पॅकेटाच्या रचनेचे एएक्स·२५ हे हौशी रेडिओसाठीचे प्रमाण १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले.

एपीआरएस पद्धतीचे जनक बॉब ब्रूनिंगा हे होत. मेरिलंड राज्यातील ॲनापोलिस येथील अमेरिकी नौदल अकादमीत ते संशोधक अभियंता होते. नौदलाच्या स्थानविषयक वार्ता नकाशावर दाखविण्यासाठी त्यांनी १९८२ मध्ये ॲपल २ या संगणकावर एक आज्ञावली लिहिली. १९८४ मध्ये १०० मैलांच्या अश्वशर्यतीतील घोड्यांची स्थाने कळविण्यासाठी त्यांनी कमोडोर व्हीआयसी-२० या लहान घरगुती संगणकावर तिची सुधारित आवृत्ती वापरली. आपत्कालीन सरावांतील अनुभवानंतर ही आज्ञावली आयबीएम जातीच्या संगणकांसाठी तयार करण्यात आली आणि १९९२ मध्ये हौशी अंकीय संदेशवहनाच्या परिषदेत ती मांडली गेली. त्या वेळी नावातील ‘पी’ हे अक्षर स्थान या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे होते. पुढे हवामान, संदेश, सूचना इ. सर्व प्रकारची माहिती या पद्धतीने जाऊ लागल्यामुळे तेच अक्षर पॅकेट या शब्दाचे मानण्यात आले. ब्रूनिंगा यांच्या हौशी बोधचिन्हातही ‘एपीआर’ हीच अक्षरे होती.

त्यापूर्वीच्या पॅकेट रेडिओत दोन केंद्रे प्रथम परस्परांशी जोडली जात व प्रत्येक पॅकेटाची पोच घेऊनच पुढचे पाठविले जाई. पत्रव्यवहारासारख्या कामास हे योग्य होते. परंतु पूर, वादळ किंवा शोधकार्य अशा प्रसंगी एकच माहिती अनेकांस एकाच वेळी हवी असते. म्हणून ब्रूनिंगा यांनी जोडणी व पोच हे दोन्ही वगळले. केंद्राने माहिती एकदा सर्वांसाठी प्रक्षेपित करावी, ज्याला ऐकू येईल त्याने ती घ्यावी आणि चुकली तर पुढील प्रक्षेपणाची वाट पाहावी, हे त्यांच्या पद्धतीचे मूलतत्त्व होय. केवळ वाहनांचा माग काढणे हा तिचा हेतू नसून, परिसरात या क्षणी कोण कोठे आहे व काय घडत आहे याचे चित्र सर्वांसमोर ठेवणे आणि दुहेरी संवाद साधणे हा आहे, असे प्रतिपादन ते अखेरपर्यंत करीत राहिले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

पद्धतीचे अधिकृत विनिर्देशन २००० साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी २ मे रोजी अमेरिकेने जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतांत हेतुतः मिसळली जाणारी त्रुटी काढून टाकली. त्यामुळे सामान्य ग्राहीस सुमारे १०० मी.ऐवजी सुमारे १० मी.पर्यंत अचूक स्थान मिळू लागले आणि स्थाननिवेदनाची उपयुक्तता एकदम वाढली.

पॅकेटाची रचना : प्रत्येक पॅकेटात गंतव्य पत्ता, प्रेषकाचे बोधचिन्ह, पुनःप्रक्षेपणाचा मार्ग, मूळ मजकूर व शेवटी तपासणी-संख्या असे भाग असतात. मूळ मजकुरास जास्तीत जास्त २५६ बाइटांची जागा असते. ग्राही तपासणी-संख्या स्वतः काढून आलेल्या संख्येशी ताडून पाहतो. ती जुळली नाही तर पॅकेट टाकून देतो. त्यामुळे नकाशावर चुकीचे स्थान उमटण्याऐवजी काहीच उमटत नाही.

बोधचिन्हापुढे ० ते १५ यांपैकी एक उपक्रमांक जोडता येतो. एकाच परवानाधारकाची अनेक केंद्रे असल्यास ती त्यामुळे ओळखता येतात. संकेताने ७ हा हातातील संचासाठी, ९ हा वाहनासाठी, ११ हा हवेतील फुग्यासाठी, १३ हा हवामान केंद्रासाठी आणि ५ हा स्मार्टफोनसाठी वापरला जातो. साध्या रूपात अक्षांश व रेखांश अंश, मिनिटे आणि मिनिटाचे शतांश यांत लिहितात. उदा., १८ अंश ३१·२० मिनिटे उत्तर हा पुणे परिसरातील अक्षांश ‘१८३१·२०’ असा लिहून त्यापुढे दिशेचे अक्षर ठेवतात. अक्षांशातील मिनिटाचा शतांश म्हणजे भूपृष्ठावर सुमारे १८·५ मी. अंतर होय. स्थानाबरोबर एक चिन्हसंकेतही जातो व त्यावरून नकाशावर मोटार, पादचारी, नौका, घर इ. आकृती उमटते. याहून आटोपशीर अशी संक्षिप्त रूपेही प्रचारात आहेत.

पॅकेटातील बिट १,२०० व २,२०० हर्ट्‌झ या दोन श्राव्य स्वरांच्या साहाय्याने दर सेकंदास १,२०० या वेगाने पाठविले जातात. शून्य या बिटास स्वर बदलतो व एक या बिटास तो तसाच राहतो. हे स्वर नेहमीच्या कंप्रता विरूपित संचाच्या ध्वनिग्राहकाच्या मार्गाने प्रक्षेपित होत असल्याने विशेष प्रकारचा संच लागत नाही. कानास पॅकेट म्हणजे एक आखूड, खरखरीत आवाज वाटतो.

कंप्रता व पुनःप्रक्षेपण : या पद्धतीसाठी मुख्यत्वे २ मी. तरंगलांबीचा पट्टा वापरतात. उत्तर अमेरिकेत १४४·३९ मेगाहर्ट्‌झ आणि यूरोपात १४४·८० मेगाहर्ट्‌झ ही कंप्रता नेमलेली आहे. ऑस्ट्रेलियात १४५·१७५ मेगाहर्ट्‌झचा उपयोग होतो. त्या त्या प्रदेशात सर्व केंद्रे एकाच कंप्रतेवर असतात. त्यामुळे नवख्या प्रदेशात आलेल्या प्रवाशासही कोणाशी आगाऊ संधान न बांधता परिसराची माहिती मिळते.

२ मी. पट्ट्यातील तरंग साधारणतः दृष्टिरेषेत जातात. हातातील संचाचा पल्ला सपाट प्रदेशात काही किलोमीटरच असतो. तो वाढविण्यासाठी उंच टेकड्यांवर किंवा इमारतींवर डिजिपीटर उभारतात. डिजिपीटर पॅकेट पूर्ण ऐकून घेतो व त्याच कंप्रतेवर पुन्हा प्रक्षेपित करतो. किती वेळा पुनःप्रक्षेपण व्हावे हे प्रेषक मार्गाच्या रकान्यात सांगतो. ‘वाइड २-२’ असा मार्ग असल्यास पहिला डिजिपीटर त्याचे ‘वाइड २-१’ करतो आणि दुसऱ्यानंतर संख्या संपते. तेच पॅकेट थोड्या वेळात पुन्हा ऐकू आल्यास डिजिपीटर ते सोडून देतो. फिरत्या केंद्रासाठी ‘वाइड १-१, वाइड २-१’ हा मार्ग रूढ आहे. त्यातील पहिला भाग परिसरातील लहान, साहाय्यक डिजिपीटरसाठी व दुसरा उंचावरील मोठ्या डिजिपीटरसाठी असतो.

याशिवाय काही केंद्रे रेडिओवर ऐकलेली पॅकेटे इंटरनेटवरील एपीआरएस सेवकांकडे पोहोचवितात. त्यांना आयगेट असे म्हणतात. सेवकांचे हे जागतिक जाळे १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात उभे राहिले. आयगेटमुळे एका शहरातील केंद्र दुसऱ्या खंडातील नकाशावर दिसू शकते आणि दूरच्या केंद्राने पाठविलेला संदेश जवळच्या रेडिओकडेही येऊ शकतो. मात्र स्थानिक रेडिओ जाळे त्याच्याविनाही कार्य करू शकेल, अशी मूळ रचना आहे.

सामाईक कंप्रतेची मर्यादा : सुमारे १०० बाइटांच्या पॅकेटास ८०० बिट लागतात. संच सुरू होऊन स्थिरावण्याचा वेळ धरला, तर एका पॅकेटास जवळजवळ १ सेकंद लागतो. म्हणजे कंप्रता अखंड व शिस्तीने वापरली, तरी मिनिटास ६० पॅकेटेच बसतील. प्रत्यक्षात केंद्रे आपापल्या वेळेस प्रक्षेपण करतात. केंद्रांना एकमेकांचे प्रक्षेपण मुळीच ऐकू येत नसेल, तर कंप्रतेच्या एकूण वेळेपैकी जास्तीत जास्त सुमारे १८ टक्के वेळच यशस्वी प्रक्षेपणासाठी मिळतो, असे अलोहा जाळ्याच्या गणिताने दाखविले आहे. या हिशेबाने मिनिटास जेमतेम ११ पॅकेटे सुखरूप पोहोचतील. बोलण्यापूर्वी कंप्रता मोकळी आहे की नाही हे ऐकण्याचा नियम पाळल्यास स्थिती पुष्कळ सुधारते; तथापि डोंगराच्या दोन बाजूंस असलेली केंद्रे परस्परांस ऐकू शकत नाहीत व माथ्यावरील डिजिपीटरपाशी त्यांची पॅकेटे एकमेकांवर आदळतात. त्यातच प्रत्येक पॅकेट दोनदा पुनःप्रक्षेपित झाले, तर तेवढाच भार आणखी दोनदा पडतो. म्हणून ॲपमधील कालांतर व मार्ग यांची निवड ही केवळ वैयक्तिक आवडीची बाब राहत नाही. एकाने दर १० सेकंदांस आपले स्थान पाठविले, तर दुसऱ्याच्या मदतीच्या संदेशास जागा उरत नाही.

भ्रमणध्वनीवरील ॲप : अँड्रॉइड प्रणालीच्या भ्रमणध्वनींसाठी गेओर्ग लुकास या जर्मन हौशी रेडिओचालकाने लिहिलेले एपीआरएसड्रॉइड हे मुक्त आज्ञावलीचे ॲप विशेष प्रसिद्ध आहे. त्यात ऐकू आलेल्या केंद्रांची यादी, नकाशा, संदेश व पॅकेटांची मूळ नोंदवही असे भाग आहेत. इतर प्रणालींच्या भ्रमणध्वनींसाठीही अशी ॲप उपलब्ध आहेत.

प्रथम वापरताना बोधचिन्ह, उपक्रमांक, नकाशावरील चिन्ह व लहानशी टीप भरावी लागते. इंटरनेटमार्ग वापरावयाचा असल्यास बोधचिन्हावरून काढलेली एक संकेतसंख्याही लागते. ही संख्या ठराविक व सर्वज्ञात गणिताने निघते. ती परवानाधारकांची शिस्त राखण्यासाठी आहे, संरक्षक कुलूप म्हणून तिचा उपयोग नाही. त्यानंतर भ्रमणध्वनी व जाळे यांतील दुवा निवडावा लागतो. तो मुख्यतः तीन प्रकारचा असतो.

(१) इंटरनेटचा दुवा : भ्रमणध्वनी स्वतःच सेवकाशी जोडला जातो. कोणताही संच लागत नाही. ही सर्वांत सोपी जोडणी असून ॲपचा परिचय करून घेण्यास व सेवकाकडील केंद्रे पाहण्यास ती पुरेशी आहे. परंतु पॅकेट रेडिओवर गेलेले नसते. त्यामुळे शेजारच्या टेकडीवरील केंद्रासही ते आयगेटच्या कृपेशिवाय ऐकू येत नाही.

(२) श्राव्य तारेचा दुवा : भ्रमणध्वनीच्या ध्वनिखाचेतून निघालेले स्वर तारेने संचाच्या ध्वनिग्राहक-खाचेत नेतात व संचाचा आवाज भ्रमणध्वनीत आणतात. टीएनसीचे काम ॲप स्वतः करते. संच आवाज ऐकताच आपोआप प्रक्षेपणावर जाईल अशी सोय त्यात असावी लागते आणि पॅकेटाच्या आरंभी थोडा अधिक काळ ठेवावा लागतो. नाहीतर आरंभीचे बिट कापले जातात. आवाजाची पातळी फार असल्यास स्वर विकृत होतात व जवळच्या डिजिपीटरलाही पॅकेट उलगडत नाही. भ्रमणध्वनीची घंटी किंवा इतर सूचनांचे आवाजही याच तारेने प्रक्षेपित होऊ शकतात, म्हणून ते आधीच बंद करावे लागतात.

(३) ब्लूटूथ टीएनसीचा दुवा : लहान टीएनसी संचास तारेने व भ्रमणध्वनीस ब्लूटूथने जोडतात. या दोहोंतील देवघेव बहुधा किस या साध्या नियमावलीने होते. ही नियमावली माइक चेपोनिस व फिल कार्न यांनी १९८७ मध्ये मांडली. संचाचे प्रक्षेपण टीएनसीच सुरू व बंद करीत असल्यामुळे हा दुवा श्राव्य तारेपेक्षा अधिक भरवशाचा असतो. काही संचांत टीएनसी अंगभूतच असते.

भ्रमणध्वनीतील जीपीएस ग्राही उपग्रहांचे संकेत थेट घेतो. भ्रमणध्वनीच्या जाळ्यामुळे पहिले स्थान लवकर सापडण्यास मदत होते. पण जाळे नसले, तरी मोकळ्या आकाशाखाली थोड्या वेळाने स्थान मिळतेच. नकाशांचे मात्र तसे नाही. ते बहुधा गरजेप्रमाणे इंटरनेटवरून उतरविले जातात. जाळे गेल्यावर पडदा कोरा राहून त्यावर केवळ चिन्हे दिसतात. म्हणून ज्या ॲपमध्ये नकाशा साठविण्याची सोय असते त्यात तो अगोदरच साठवून ठेवणे इष्ट ठरते.

स्थान केव्हा पाठवावे हे तीन रीतींनी ठरविता येते : कळ दाबून, ठराविक कालांतराने किंवा हालचालीनुसार. शेवटच्या रीतीत स्थिर असताना फार विरळ, वेगाने जाताना अधिक वेळा आणि वळण घेताच एकदा अशी प्रक्षेपणे होतात. सरळ रस्त्यावर दोन निवेदनांवरून मधला मार्ग सहज कल्पिता येतो, वळणावर येत नाही; हे त्यामागील तत्त्व आहे. यामुळे थोड्या पॅकेटांत मार्गाचे पुरेसे चित्र मिळते व कंप्रतेवरील भार कमी होतो. घरी बसलेल्या स्थिर केंद्राने अर्ध्या तासातून एकदा निवेदन केले, तरी पुरते.

संदेश : स्थाननिवेदनास पोच नसते, पण व्यक्तिगत संदेशास असते. संदेशाचा मजकूर जास्तीत जास्त ६७ अक्षरांचा असून त्याच्या शेवटी क्रमांक घालतात. ज्याच्यासाठी संदेश आहे त्याचे ॲप किंवा संच त्या क्रमांकाची पोच आपोआप पाठवितो. पोच न आल्यास प्रेषकाचे ॲप वाढत्या कालांतराने तोच संदेश काही वेळा पुन्हा पाठविते व अखेरीस थांबते. संदेश पोहोचूनही पोच वाटेत हरवू शकते. म्हणून पोच न येणे म्हणजे संदेश न मिळणे असे निश्चित समजता येत नाही. सर्वांसाठी असलेल्या सूचना व घोषणा यांना पोच नसते. तसेच एखादे मदतकेंद्र, तुटलेला पूल किंवा वादळाचा मध्य अशी रेडिओ नसलेली वस्तूही कोणी एकाने नकाशावर मांडली की ती सर्वांच्या नकाशावर येते. आपत्तीच्या प्रसंगी या सोयीचे महत्त्व स्थाननिवेदनापेक्षाही अधिक असते.

मूळ विनिर्देशन रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून झालेले आहे. ॲपमध्ये देवनागरी मजकूर लिहिणे शक्य असले, तरी यूटीएफ-८ या सांकेतिक लेखनात प्रत्येक देवनागरी वर्णचिन्हास ३ बाइट लागतात. काना, मात्रा व हलन्तचिन्ह ही वेगळी मोजली जातात. त्यामुळे पॅकेट लांबते. शिवाय संचांच्या छोट्या पडद्यांवर देवनागरी सामान्यतः उमटत नाही. म्हणून मराठी मजकूर रोमन अक्षरांत थोडक्यात लिहिणे व्यवहारात सोयीचे पडते.

परवाना व खुलेपणा : रेडिओवर प्रक्षेपण करणाऱ्यास हौशी रेडिओचा परवाना आवश्यक असतो. भारतात केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखा हे काम पाहते. ॲप विनामूल्य मिळाले, म्हणून प्रक्षेपणाचा अधिकार मिळत नाही. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनुसार हौशी केंद्रांमधील संदेशांचा अर्थ लपविणारे सांकेतिक लेखन करता येत नाही. त्यामुळे एका व्यक्तीस पाठविलेला संदेशही परिसरातील कोणासही वाचता येतो. आयगेटमार्गे पुढे गेलेली स्थाने सार्वजनिक नकाशांवर येतात व तेथे साठविलीही जातात. फिनलंडमधून चालणारा एपीआरएस डॉट एफआय हा त्यांपैकी सर्वज्ञात नकाशा आहे. रोजचा जाण्यायेण्याचा मार्ग व घराचा ठावठिकाणा यांची नोंद अशा रीतीने जगासमोर राहते. ॲप चालू करण्यापूर्वी याचा विचार करावा लागतो. घरापासून काही अंतरावर निवेदन सुरू करणे किंवा स्थानाची अचूकता मुद्दाम कमी ठेवणे हे त्यावरील साधे उपाय आहेत. रुग्णांची नावे व तत्सम खासगी तपशील या मार्गाने पाठविणे अनुचित ठरते.

आपत्कालीन उपयोग : भारतात हौशी रेडिओचे आपत्कालीन महत्त्व अनेकदा प्रत्ययास आले आहे. २६ जानेवारी २००१ रोजी झालेल्या गुजरातमधील भूकंपानंतर हौशी चालकांनी संदेशवहनास साहाय्य केले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली त्या वेळी भारती प्रसाद व त्यांचे सहकारी हौशी रेडिओ मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअर येथे होते. अंदमान व निकोबारचा बाहेरील जगाशी संपर्क तुटला असता त्यांच्या केंद्राने मुख्य भूमीशी दुवा राखला. हा संपर्क लघुतरंगांवरील आवाजी संभाषणाचा होता, स्थाननिवेदनाचा नव्हे. परंतु स्थानिक दूरध्वनी व मनोरे यांवर अवलंबून नसलेले साधन अशा वेळी कामी येते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

हीच कसोटी भ्रमणध्वनीवरील ॲपला लावावी लागते. इंटरनेटच्या दुव्यावर चालणारे ॲप नेहमीच्या दिवशी उत्तम चालते व मनोरे बंद पडताच निरुपयोगी होते. संचाशी जोडलेले ॲप मनोरे नसतानाही चालते. त्याला फक्त भ्रमणध्वनी व संच यांच्या विजेची आणि ऐकणाऱ्या दुसऱ्या एका केंद्राची गरज असते. डिजिपीटर किंवा आयगेटलाही वीज लागते, व आयगेटला इंटरनेट लागते. तेव्हा हे दोन्ही नसताना थेट किती अंतरावर ऐकू येते, याची माहिती प्रत्येक गटास असावी लागते. याची परीक्षा सोपी आहे. भ्रमणध्वनीतील जाळ्याची जोडणी बंद करावी, आपले निवेदन पाठवावे आणि काही अंतरावरील सहकाऱ्याच्या संचावर ते उमटले की नाही हे पाहावे. सार्वजनिक नकाशावर चिन्ह दिसणे हा याचा पुरावा नव्हे. कारण तेथवर पोहोचण्याचे दोन मार्ग असतात. पॅकेटातील मार्गाच्या रकान्यात डिजिपीटरची बोधचिन्हे, किंवा आयगेटने ते रेडिओवर ऐकल्याची खूण असते. ॲपच्या नोंदवहीत ती वाचता येत असल्याने संपर्क प्रत्यक्ष कोणत्या वाटेने झाला हे कळते. संकटापूर्वी केलेली अशी तपासणी हीच या साधनाची खरी पूर्वतयारी होय.

अवकाशातील पुनःप्रक्षेपण : डिजिपीटर जितका उंच तितके त्याचे क्षेत्र मोठे, या न्यायाने तो उपग्रहावरही बसविण्यात आला. ॲनापोलिस येथील नौदल अकादमीच्या विद्यार्थ्यांनी ब्रूनिंगा यांच्या मार्गदर्शनाखाली बनविलेला पीसीसॅट हा उपग्रह ३० सप्टेंबर २००१ रोजी अलास्कातील कोडियाक येथून सोडण्यात आला. सुमारे ४०० किमी. उंचीवरील आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील हौशी संचही १४५·८२५ मेगाहर्ट्‌झवर हे काम करतो. तो सुरू असेल तर स्थानक डोक्यावरून जात असताना सुमारे १० मिनिटे शेकडो किलोमीटर दूरच्या केंद्रांत संदेशांची देवघेव होऊ शकते. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने १ एप्रिल २०१९ रोजी सोडलेल्या पीएसएलव्ही-सी ४५ या वाहनाचा चौथा टप्पा प्रयोगांसाठी कक्षेतच ठेवण्यात आला होता. त्यावर भारतातील ॲमसॅट या हौशी उपग्रह संस्थेचे पॅकेट पुनःप्रक्षेपक उपकरण बसविलेले होते. उपग्रहाचे क्षेत्र फार विस्तृत असल्याने तेथे पॅकेटे आदळण्याचा संभव अधिक असतो. म्हणून अशा वेळी आपोआप होणारे निवेदन बंद ठेवून मोजकेच संदेश हाताने पाठविण्याचा संकेत आहे.

मर्यादा : १,२०० बिटांचा वेग आजच्या मानाने अत्यल्प आहे, छायाचित्रे किंवा ध्वनी या मार्गाने पाठविता येत नाहीत. निवेदन हरवले, तर ते हरवल्याचेही कळत नाही. जुने स्थान नकाशावर तसेच राहते. म्हणून चिन्हाबरोबर त्याची वेळ पाहणे आवश्यक असते. यूरोपात ४३३·७७५ मेगाहर्ट्‌झवर लोरा या विरूपण पद्धतीने अल्प शक्तीत अधिक पल्ला मिळविण्याचे प्रयत्न झाले असून त्यातही पॅकेटाचा मजकूर जुन्या रचनेचाच ठेवलेला आहे. साधने बदलली तरी पद्धत टिकून राहिली आहे, याचे श्रेय तिच्या साधेपणास जाते. एक कंप्रता, एक लहान पॅकेट आणि ऐकणारे सर्वजण, एवढ्यावर ती उभी आहे. भ्रमणध्वनीने तिला सोपा पडदा दिला. तिचे बळ मात्र पडद्यामागील रेडिओ संचात आणि तो सरावाने सज्ज ठेवणाऱ्या चालकात आहे.